घरच्या आवारात कॅम्पर व्हॅन उभी करायची आहे? आधी पायाखालची जमीन ओळखा

मे महिन्यात गाडी घरी येते. आवारातली काळी जमीन तेव्हा दगडासारखी टणक असते, म्हणून ती तशीच मोकळ्या जागेत लावली जाते. जूनमध्ये दोन-चार चांगले पाऊस होतात आणि एका सकाळी गाडी एका बाजूला कललेली दिसते. मागचे चाक रिमपर्यंत रुतलेले असते. ती बाहेर काढायला मग जेसीबी किंवा ट्रॅक्टर बोलवावा लागतो. पुढच्या वर्षी त्याच जागेवर घाईघाईने चार इंचांचे काँक्रीट ओतले जाते आणि दोन पावसाळ्यांत त्यालाही भेगा पडतात.

परदेशात ज्याला ‘आरव्ही’ म्हणतात, ते चाकांवरचे घर आता महाराष्ट्रातही दिसू लागले आहे. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. टेम्पो किंवा प्रवासी व्हॅनच्या सांगाड्यावर कॅम्पर बांधून घेणारी हौशी कुटुंबेही वाढत आहेत. मात्र ही गाडी वर्षातले बहुतेक दिवस घरीच उभी असते. रोज फिरणाऱ्या मोटारीपेक्षा ती जड असते आणि एकाच जागी आठवडेच्या आठवडे थांबते, त्यामुळे तिच्याखालची जमीन नीट तयार करणे महत्त्वाचे ठरते. हीच गोष्ट घराशेजारी उभ्या राहणाऱ्या टेम्पोला, पाण्याच्या टँकरला किंवा भरलेल्या ट्रॉलीलाही लागू पडते.

जड गाडी रुतते कशामुळे?

साधारण चार टन वजनाची गाडी धरू. सोयीसाठी प्रत्येक चाकावर एक टन भार आहे असे मानू. टायरमध्ये हवेचा दाब चौरस सेंटिमीटरला चार किलोच्या आसपास असेल, तर टायर जमिनीवरही साधारण तेवढाच दाब देतो. म्हणजे एक टन भार फक्त अडीचशे चौरस सेंटिमीटर जागेवर येतो. दोन पोस्टकार्डे शेजारी ठेवली तर जेवढी जागा व्यापतात, तेवढीच ही जागा.

गाडीचे एकूण वजन ऐकून भीती वाटते. प्रत्यक्षात प्रश्न असतो तो वजन किती लहान जागेवर एकवटते याचा. म्हणून रस्ता बांधताना मातीवर मुरूम आणि खडीचे थर देतात. हे थर भार पसरवतात. इंजिनीअर यासाठी एक ढोबळ हिशेब वापरतात : थर एक फूट जाड असेल तर भार प्रत्येक बाजूला अर्धा फूट पसरतो. चाकाखालची १६ सेंटिमीटर चौरस जागा दीड फूट, म्हणजे ४५ सेंटिमीटर थराच्या तळाशी पोहोचेपर्यंत सुमारे ६१ सेंटिमीटर चौरस होते. चौरस सेंटिमीटरला चार किलोचा दाब पाव किलोच्या जरा वर, म्हणजे जवळपास पंधराव्या हिश्शावर येतो.

गाडीला खरा आधार या दबलेल्या थरांचा असतो. वरचे काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक हे शेवटचे काम आहे. खालचे काम कच्चे राहिले, तर वरच्या महागड्या फरशीचा काही उपयोग होत नाही.

काळ्या मातीचा प्रश्न वेगळा का?

विदर्भ, मराठवाडा, खानदेश आणि सोलापूर पट्ट्यातली काळी माती दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांमध्ये पाणी शिरते आणि माती फुगते. पाणी आटले की ती आकसते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कापसाला आणि रब्बीच्या ज्वारीला हीच माती वरदान ठरते, कारण ती ओल धरून ठेवते. बांधकामाला मात्र तिचा तोच गुण नडतो.

यातून दोन वेगवेगळे त्रास होतात. पहिला, ओली झाल्यावर मातीची भार पेलण्याची ताकद खूप कमी होते आणि चाक रुतते. मुरूम-खडीचे थर देऊन यावर मात करता येते. दुसरा त्रास जास्त छुपा आहे. काँक्रीट घातल्यावर त्याच्या मध्यभागाखालची माती झाकली जाते आणि तिथली ओल फारशी बदलत नाही. कडेची माती मात्र पावसाळ्यात भिजून फुगते आणि उन्हाळ्यात सुकून खाली बसते. स्लॅबच्या कडा दरवर्षी वर-खाली होतात, मधला भाग जागेवर राहतो आणि काँक्रीट तडकते.

ही हालचाल जमिनीत बरीच खोलवर होते. सगळी काळी माती काढून टाकणे बहुतेकांना परवडणार नाही. हाती उरते ते एवढेच : तिच्यातली ओल शक्य तितकी सारखी ठेवणे. म्हणून काळ्या जमिनीवर पार्किंगचे काम हे निम्मे पाण्याचे काम असते.

आपली जमीन कशी आहे, हे घरच्या घरी कसे ओळखावे?

आधी एक खड्डा घ्यावा. दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि तीन फूट खोल पुरेसा आहे. डोंगराळ भागात फूट-दीड फुटावर कठीण मुरूम किंवा कातळ लागला, तर काम बरेच सोपे होते. कोकणात जांभा लागतो. तो फुगत नाही. तिथे मुख्य चिंता मुसळधार पावसाने वरची माती आणि खडी वाहून जाण्याची असते, त्यामुळे कडेचे बांध आणि गटार यांवर भर द्यावा लागतो. तीन फुटांपर्यंत काळी चिकण मातीच लागली, तर पुढची चाचणी करून पाहावी.

प्रयोगशाळेत मातीची फुगण्याची क्षमता मोजण्यासाठी पाणी आणि रॉकेल वापरतात, कारण रॉकेलमध्ये ही माती फुगत नाही. त्याचे ढोबळ रूप घरीही करता येते. माती पूर्ण वाळवून, कुटून बारीक चाळणीने चाळावी. दोन सारख्या उभट काचेच्या ग्लासांत प्रत्येकी दोन चमचे माती घ्यावी. एकात पाणी आणि दुसऱ्यात रॉकेल ओतून ढवळावे आणि २४ तास न हलवता ठेवावे. जवळपास विस्तव नसावा. दुसऱ्या दिवशी पाण्यातल्या मातीची उंची रॉकेलमधल्या मातीच्या दीडपट किंवा त्याहून जास्त भरली, तर ती अतिशय फुगणारी माती समजावी. अशा जागी मोठा खर्च करण्यापूर्वी स्थानिक सिव्हिल इंजिनीअरला खड्डा दाखवणे शहाणपणाचे.

जागा निवडताना काय टाळावे?

सर्वात आधी पाहायचे ते सेप्टिक टँक, शोषखड्डा, जमिनीखालची पाण्याची टाकी आणि बुजवलेली विहीर किंवा आड यांची ठिकाणे. या टाक्यांची झाकणे आणि स्लॅब अनेकदा माणसांच्या वावरापुरतेच बांधलेले असतात. चार टनांची गाडी त्यावर गेली तर स्लॅब कोसळू शकतो, आणि त्यावेळी गाडीत किंवा शेजारी कोणी असेल तर जिवावर बेतू शकते. जुन्या घरात टाकी नेमकी कुठे आहे हे घरातल्या वडीलधाऱ्यांना किंवा जुन्या गवंड्याला विचारून, गरज पडल्यास खोदून खात्री करावी. अंदाजाने काम करू नये.

सोसायटीत तळघरावरच्या स्लॅबवर पार्किंग असेल, तर तो कोणत्या भारासाठी बांधला आहे हे स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून लेखी घेतल्याशिवाय जड गाडी तिथे लावू नये.

घराच्या भिंतीला खेटूनही जागा करू नये. चार-सहा फूट अंतर ठेवले, तर खोदकामामुळे पाया उघडा पडत नाही आणि पार्किंगवरचे पाणी पायात मुरत नाही. मोठ्या झाडापासूनही लांब राहावे. झाडाची मुळे उन्हाळ्यात मातीतली ओल ओढून घेतात आणि त्या बाजूची जमीन जास्त आकसते.

काम कोणत्या क्रमाने करावे?

वीस फूट लांब आणि सात फूट रुंद गाडीसाठी ३० बाय १२ फुटांची जागा सोयीची पडते. दार उघडायला, चालायला आणि गाडी वळवायला जागा उरते. एकूण क्षेत्रफळ ३६० चौरस फूट होते.

पहिली पायरी खोदाईची. दीड फूट खोल काळी माती काढावी. हे खोदकाम ५४० घनफूट, म्हणजे ५.४ ब्रास होते. मोकळी झाल्यावर ती माती आणखी जास्त जागा व्यापते, म्हणून ती कुठे टाकायची हे आधीच ठरवावे. बागेत किंवा शेतात ती उपयोगी पडते, पण पार्किंगच्या कडेला भरावासाठी ती वापरू नये.

दुसरी पायरी तळ दाबण्याची. शेतकऱ्याला ‘वाफसा’ हा शब्द सांगावा लागत नाही. फार ओली नाही, फार कोरडी नाही अशी मातीची अवस्था म्हणजे वाफसा. माती दाबण्यासाठीही साधारण अशीच मधली ओल लागते. कोरडे कण एकमेकांवर सरकत नाहीत आणि चिखल दाबला तर तो फक्त बाजूला पसरतो. म्हणून पाऊस संपून जमीन वाफशावर आली की, साधारणपणे दिवाळीच्या सुमारास, हे काम सुरू करणे चांगले. भर मे महिन्यात भेगाळलेल्या जमिनीवर थर टाकले, तर पहिल्याच पावसात खालची माती फुगून ते वर उचलते.

तिसरी पायरी कापडाची. दाबलेल्या तळावर जिओटेक्स्टाइल अंथरावे. रस्त्यांच्या कामात वापरले जाणारे हे कृत्रिम धाग्यांचे जाड कापड पाणी जाऊ देते, पण चिखल वर येऊ देत नाही आणि खडी खाली बुडू देत नाही. ते नसेल तर दोन-तीन वर्षांत मुरूम आणि काळी माती एकमेकांत मिसळतात आणि थर आपोआप पातळ होतो.

चौथी पायरी मुरमाची. एक फूट मुरूम दोन थरांत टाकावा. प्रत्येक थर दबल्यावर सहा इंच भरला पाहिजे. ट्रकभर मुरूम एकदम ओतून वरून रोलर फिरवला, तर फक्त वरचे काही इंच दबतात आणि खाली पोकळ राहते. मुरमावर पाणी शिंपडून मुठीत दाबून पाहावे. गोळा झाला पण हाताला पाणी सुटले नाही, तर ओल योग्य आहे. मग छोटा रोलर किंवा प्लेट कॉम्पॅक्टर फिरवावा. कोपऱ्यांत हाताचे धुम्मस वापरावे. दबलेला मुरूम ३.६ ब्रास लागतो. मोकळा मुरूम मागवताना साधारण पाव हिस्सा जास्त, म्हणजे साडेचार ब्रास धरावा.

इथे वाळूचा मोह टाळावा. काळ्या मातीच्या खड्ड्यात नुसती वाळू भरली, तर तिच्यात पाणी साठते आणि खालची माती महिनोन्‌महिने भिजत राहते. थोडी चिकणाई असलेला, पण न फुगणारा मुरूम इथे जास्त उपयोगी. फुगणाऱ्या मातीवर अशा न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर दिला तर तिची उचल आटोक्यात राहते, हे आयआयटी मुंबईतील प्रा. आर. के. कट्टी यांनी संशोधनातून दाखवले. काळ्या मातीतून जाणाऱ्या कालव्यांच्या अस्तरीकरणात ही पद्धत वापरली जाते.

पाचवी पायरी खडीची. ४० मिलिमीटर खडीचा सहा इंचांचा थर टाकून तो दाबावा आणि फटींमध्ये बारीक कच किंवा मुरूम भरून, पाणी मारून पुन्हा दाबावा. ही खडी दबल्यावर १.८ ब्रास भरते. आता पृष्ठभाग आजूबाजूच्या जमिनीच्या पातळीवर येतो.

वर काय घालावे : खडी, पेव्हर की काँक्रीट?

निव्वळ खडी-कचेचा पृष्ठभाग सर्वात स्वस्त. जमीन थोडी हलली तरी तो तडकत नाही, फावड्याने पुन्हा सारखा करता येतो. कडेला दगडी किंवा काँक्रीटची पाळ मात्र हवी, नाहीतर खडी पसरते.

पेव्हर ब्लॉक हा मधला मार्ग आहे. मोटारीसाठी ६० मिलिमीटरचे चालतात, जड गाडीसाठी ८० मिलिमीटर जाडीचे घ्यावेत. ब्लॉकखाली इंचभर कचेची गादी आणि चारही बाजूंनी पक्की पाळ द्यावी. एखादा भाग बसला, तर तेवढेच ब्लॉक उचलून खाली भर घालता येते.

काँक्रीट सर्वात स्वच्छ आणि सपाट असते, पण काळ्या जमिनीवर चुकांची किंमतही त्यातच सर्वात जास्त. त्यामुळे घाई नको. खडीचा थर झाल्यावर गाडी त्यावरच लावून एक पावसाळा जाऊ द्यावा. कुठे खचते, कुठे पाणी साचते हे त्या चार महिन्यांत कळते. दुरुस्ती करून हिवाळ्यात काँक्रीट घालावे.

स्लॅब सहा इंच जाड आणि एम-२० दर्जाचा ठेवावा. ३६० चौरस फुटांसाठी १८० घनफूट, म्हणजे सुमारे ५.१ घनमीटर काँक्रीट लागते. जागेवर १ : दीड : ३ प्रमाणात मिसळल्यास अंदाजे ४० गोणी सिमेंट लागेल. ८ मिलिमीटर सळयांची जाळी आठ-आठ इंचांवर दोन्ही दिशांना बांधावी आणि ती वरच्या पृष्ठभागापासून दोन इंच खाली राहील अशी आधार देऊन उचलून धरावी. अनेक ठिकाणी जाळी जमिनीवर पडलेलीच राहते आणि वरून काँक्रीट ओतले जाते. अशी सळई वरच्या भेगा आवरू शकत नाही.

दर १० ते १२ फुटांवर स्लॅबच्या जाडीच्या पाव भाग खोल खाच कापावी. काँक्रीट आकसताना तडकणारच. खाच दिली की ती तड सरळ रेषेत, ठरलेल्या जागी जाते. साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि राखमिश्रित पीपीसी सिमेंटला किमान दहा दिवस सतत पाणी मारावे. काँक्रीटची ठरलेली ताकद २८ दिवसांची मोजतात. जड गाडी त्याआधी चढवू नये.

पाण्याचा बंदोबस्त कसा करावा?

पृष्ठभागाला घरापासून दूर जाणारा उतार हवा. ८० फुटांना एक फूट, म्हणजे दर दहा फुटांना दीड इंच उतार पुरतो. तो रुंदीच्या दिशेने दिला, तर १२ फुटांत दोन इंचांपेक्षा कमी फरक पडतो. पाणी वाहून जाते आणि गाडीत झोपताना फार कलते असे वाटत नाही. गवंड्याच्या पारदर्शक पाण्याच्या नळीने हा उतार चारही कोपऱ्यांत तपासून घ्यावा.

उताराच्या बाजूला सिमेंटचे छोटे गटार करून पाणी आवाराबाहेर काढावे. छताच्या पन्हळीचे पाणी पार्किंगच्या कडेला पडत असेल, तर पाइप लावून ते दूर सोडावे. गाडी धुतलेले पाणी आणि कॅम्परमधल्या सिंकचे सांडपाणीही कडेच्या मातीत मुरू देऊ नये. मुरूम आणि खडीचे थर शक्य असेल तर गाडीच्या जागेबाहेर दीड-दोन फूट जास्त पसरवावेत आणि त्यावर फरशी किंवा कोबा करावा. मातीची जास्त हालचाल कडेलाच होते. ही पट्टी ती कडा चाकांपासून दूर ढकलते. त्या मानाने साहित्य थोडे वाढेल, पण हा खर्च वाया जात नाही.

तयार जागेवर गाडी कशी ठेवावी?

पृष्ठभाग पक्का झाल्यावरही काही सवयी पाळाव्या लागतात. महिनोन्‌महिने उभ्या गाडीचे टायर खालून चपटे होतात. म्हणून महिन्यातून एकदा गाडी सुरू करून थोडी पुढे-मागे घ्यावी आणि हवा तपासावी. टायरखाली फळी ठेवली, तर ती टायरच्या संपूर्ण रुंदीला आधार देईल एवढी रुंद असावी. गाडी स्थिर ठेवणारे जॅक वापरत असल्यास त्यांच्या छोट्या पायांखाली जाड लाकडी फळ्या द्याव्यात, कारण लहान जागेवर भार एकवटण्याचा पहिला नियम इथेही लागू होतो. नुसत्या हँडब्रेकवर विसंबून न राहता चाकांना ठोकळे लावावेत.

दरवर्षी पावसाळ्याआधी गटार साफ करावे आणि पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन एकदा बाहेर जावे. पाणी कुठे थांबते, कुठून आत शिरते हे त्या दहा मिनिटांत दिसते. त्या जागी वेळीच घातलेली दोन घमेली खडी पुढची मोठी दुरुस्ती वाचवते.